पाटणकर बाजारातला भीमपलास

"पाटणकर बाजारात एक मशीन बघायला चाललेय," असं मी बंगळुरूच्या मैत्रिणीला फोनवर म्हटलं, तर ती म्हणाली, "साताऱ्याजवळच्या पाटणला?" तिचं काही चुकलं नाही. पाटणकर हे आपलं आडनाव, आणि तो बाजार ग्वाल्हेरमध्ये असेल असं बाहेरच्या माणसाला का वाटावं?

१८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, ती उठलीच नाही. तिचंच शहर झालं आणि नाव राहिलं लष्कर. इथे पाट्या हिंदी आणि नावं मराठी असं सगळीकडे दिसतं. शिंदे की छावणी, फालका बाजार, पाटणकर बाजार. माझं आजोळ लष्करातलं, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच गावांत बाजारांना नातेवाइकांसारखी नावं असतात.

तर मी डिसेंबरात मामाकडे गेले होते आणि मला एक प्रोसेसर घ्यायचा होता. आपल्या मंडळातली बरीच मुलं हल्ली गिटारवर मराठी गाणी लिहितात, त्यांना हे यंत्र माहीत असेल. इतरांसाठी सांगते. पायाने दाबायची बटणं असलेला हा एक डबा असतो. त्यात एका बाजूने माइक जातो आणि दुसऱ्या बाजूने गिटार. आवाजाला थोडा घुमारा देणं, सूर नीट करणं, आपल्याच आवाजाची दुसरी-तिसरी पट्टी जोडून कोरससारखं करणं, आणि वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं, म्हणजे लूप, एवढी कामं तो करतो. बॉसचा व्हीई-८ आणि टीसी-हेलिकॉनचा प्ले अकूस्टिक ही दोन नावं मी महिनाभर वाचत होते. वाचून काही ठरत नव्हतं. गुणांची यादी दोघांचीही लांब, आणि आपल्याला त्यातलं काय लागतं हे यादीत लिहिलेलं नसतं.

बंगळुरूत मोठी दुकानं आहेत, मग ग्वाल्हेरलाच का, असं मामानेही विचारलं. खरं कारण मी त्याला लगेच सांगितलं नाही. मागच्या वर्षी माझ्या स्वरयंत्रावर गाठी आल्या. कॉल सेंटरसारखी बोलण्याची नोकरी, वर रात्री गाण्याचा रियाज, तोही घसा न तापवता. डॉक्टरांनी दीड महिना जवळजवळ मौन करायला लावलं, मग आवाजाचे व्यायाम. बोलणं पूर्ववत झालं. गाण्यात मात्र तार सप्तकातला गंधार आला की आवाज फाटतो. बंगळुरूच्या दुकानात मागे वीस-बावीस वर्षांची मुलं आपली पाळी यायची वाट बघत उभी असतात. त्यांच्यासमोर तो गंधार लावून बघायची माझी हिंमत नव्हती. आणि मला यंत्र हवं होतं ते नेमकं त्या गंधारासाठी. सूर सुधारणारं बटण आहे म्हणतात, तर ते माझा वरचा सूर सावरेल, असा माझा हिशेब होता. २७ फेब्रुवारीला मराठी दिनाच्या कार्यक्रमात मला माझं गाणं म्हणायचं आहे. गाणं भीमपलासात बांधलेलं आहे आणि त्याचा अंतरा सरळ त्या गंधारावर जातो.

दुपारी अडीचला आम्ही निघालो. मामा म्हणाला, "बाड्यापर्यंत टेम्पो, पुढे पैदल." महाराज बाड्यावर उतरलो की मामाची चाल बदलते. पोस्टाची खांबांची इमारत, मधला जिवाजीरावांचा पुतळा, ह्यांच्यावरून नजर फिरवत तो जुन्या मालकासारखा चालतो. थंडी म्हणून ठिकठिकाणी गजकचे ढीग लागलेले. पाटणकर बाजारात शिरलं की रस्ता आपला राहत नाही. स्कूटर, हातगाडी आणि माणूस ह्यांच्यात जो थांबत नाही तो पुढे जातो. गिटार पाठीला लावून त्यातून जाणं म्हणजे मागे कोणाला काय लागलं ह्याची सतत माफी मागत जाणं.

दुकान अरुंद, पण आत खोल गेलेलं. दारात ढोलक, नाल आणि हार्मोनियम. मध्ये गिटारी टांगलेल्या. अगदी आत स्पीकर, मिक्सर आणि तारांची भेंडोळी. मामा ह्या दुकानात चाळीस वर्षं तंबोऱ्याच्या तारा घ्यायला येतो. मालकांनी त्याला "आइए पंडितजी" म्हटलं, माझ्याकडे बघून विचारलं, "मैडम को इको चाहिए?"

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्यात बाजाराचं सगळं शहाणपण होतं. त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक जागरणवाले आणि भजनमंडळ्या. त्यांना आवाजाचं यंत्र म्हणजे इको. मोकळ्या मैदानात देवीची हाक चार वेळा परतून यायला हवी. मी म्हटलं, इको नको, असं असं हवं. त्यांनी थोडा विचार केला आणि मागून कापडात गुंडाळलेला एक जुना डबा काढला. मी वाचलेल्या दोन्ही कंपन्यांचा तो नव्हता. कोणा ऑर्केस्ट्रावाल्याने विकायला ठेवला होता. कामं मात्र तीच करत होता. "बजाके देखिए, जितनी देर मर्जी," ते म्हणाले आणि स्टूल पुढे केलं.

गिटार जोडली. माझ्या गिटारीत घोडीखाली पिकअप आहे. तसा पिकअप तारेचा आवाज घेतो, लाकडाचा घेत नाही, म्हणून स्पीकरवर गिटार टिनाच्या पत्र्यासारखी वाजते. ह्या डब्यांत गिटारीच्या पोटाचा आवाज परत भरणारी सोय असते. बॉसवाले त्याला अकूस्टिक रेझोनन्स म्हणतात, टीसीवाले बॉडीरेझ. ते बटण फिरवलं आणि गिटार एकदम भरल्या पोटाची झाली. मग स्पीकर जवळ असल्यामुळे शिट्टी सुरू झाली. त्यावरही बटण. शिट्टी ज्या सुराला वाजते तो सूर तेवढा शोधून दाबून टाकतं. इथपर्यंत मी डब्याच्या प्रेमात.

मग मी गायले. माझी गिटार मी सा-प-सा-म-प-सा अशी लावते. इंग्रजीत तारांच्या अक्षरांवरून ह्या लावणीला डॅडगॅड म्हणतात. त्यात मोकळ्या तारांत गंधार नाही, आणि भीमपलासाचा वादी मध्यम आयता मिळतो. तंबोऱ्यासारखा भरणा होतो. सहाव्या पट्टीवर केपो लावला की सा येतो काळी चारला, ती माझी गाठींच्या आधीची पट्टी.

हार्मनीचं बटण दाबून मी नुसता सा लावला. डब्याने वरून दुसरा आवाज जोडला, माझाच, आणि तो लागला शुद्ध गंधारावर. मामाने हातातली चहाची पेली खाली ठेवली.

झालं असं की हे यंत्र गिटारीचे कॉर्ड ऐकून जोडीचा सूर ठरवतं. कॉर्डमध्ये गंधार कोमल आहे की शुद्ध ह्यावरून मायनर की मेजर. मी गंधारच वाजवत नव्हते. मग त्याने स्वतःहून मेजर धरलं. दुकानातला मुलगा हुशार, त्याने गिटारीचं ऐकणं बंद करून हाताने मायनर लावलं. आता सावर कोमल गंधार आला. छान. मी चढत मध्यमावर गेले, तर वरून आला कोमल धैवत.

"अरे, ही जौनपुरी कुठून घुसली?" मामा म्हणाला.

भीमपलासात गंधार-निषाद कोमल, पण धैवत शुद्ध. यंत्राच्या मायनरमध्ये धैवतही कोमल. काही मशीनमध्ये आपलं स्वतःचं सप्तक भरता येतं, त्याने धैवत सुधारेल. पण भीमपलासात चढताना रिषभ-धैवत नाहीतच, उतरताना आहेत. मी चढतेय की उतरतेय हे त्या डब्याला कोण सांगणार? तो एका सुरावर एक सूर ठेवतो, वाट त्याला दिसत नाही.

इथे यंत्रावर अन्याय करायचा नाही. माझं दुसरं एक गाणं आहे, साध्या तीन कॉर्डचं, पावसावरचं. ते गायले तर त्याच हार्मनीने अंगावर काटा आणला. तीन बहिणी गातायत असं वाटलं. तेव्हा तुमची गाणी कॉर्डवर उभी असतील तर हार्मनी जरूर घ्या. माझी निम्मी तशी नाहीत, हे मला त्या स्टुलावर बसल्यावर कळलं.

आता राहिला गंधार, ज्यासाठी मी आले होते. सूर सुधारायचं बटण पूर्ण फिरवलं आणि अंतरा सुरू केला. भीमपलासात निषाद सरळ घ्यायचा नसतो, त्याला षड्जाचा स्पर्श हवा. गंधारालाही तसाच मध्यमाचा. मी निषादावरून सावर मींड घेतली आणि स्पीकरमधून जिना चढल्यासारखे टपटप दोन सूर आले. मधली सगळी जागा गेली. यंत्राला सप्तकात बारा घरं माहीत. घरांच्या मध्ये सापडलेला आवाज म्हणजे त्याला चुकलेला आवाज, आणि तो त्याला जवळच्या घरात ढकलतो. मींड, कण, मुरकी, गमक हे सगळं त्याच्या हिशेबी चुकाच. मग मी वर गेले. गंधारावर नेहमीप्रमाणे आवाज फाटला. यंत्राने इमानेइतबारे काम केलं: तो अगदी बरोबर सुरात फाटला.

दुकानात सातआठ माणसं होती. कोणी हसलं नाही. एक जागरणवाले गृहस्थ डफलीचं कातडं तपासत होते ते तपासतच राहिले. मी माइक बंद केला.

मामाला तेव्हा सगळं कळलं असावं. तो माधव संगीत महाविद्यालयात शिकलेला. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेलं हे विद्यालय, आणि त्याच्या चार वर्षं आधी कृष्णराव शंकर पंडितांनी आपलं सुरू केलेलं, ह्या दोन्हींवरून आमच्याकडे जेवणाच्या पानावर वाद व्हायचे. मामा थेट गाठींविषयी काही बोलला नाही. त्याने दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या मागे भातखंडे पद्धतीने माझ्या अंतऱ्याचे सूर लिहिले. कोमल सुराखाली आडवी रेघ, कणस्वर डोक्यावर बारीक अक्षरात, आणि मींड असेल तिथे वरून कमान. "हे बघ, कागदसुद्धा मींडेला कमान देतो. तुझं मशीन पायऱ्या देतं. तर हे बटण आपल्या कामाचं नाही."

"पण मामा, वरचा गंधार?"

"किती वर आहे तो?"

"काळी चारचा."

"मग काळी चार कोणी सांगितली? सा खाली घे. पांढरी चार लाव."

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि मी ते ढकलत होते. काळी चार ही माझी पट्टी, ह्या वाक्यातलं 'माझी' मला सोडवत नव्हतं. आवाज खाली घेतला म्हणजे गाठी जिंकल्या, असं काहीतरी डोक्यात. मी केपो सहावरून तिसऱ्या पट्टीवर आणला. करायला दोन सेकंद लागतात. सगळी बटणं बंद, फक्त थोडा रिव्हर्ब ठेवला, आणि अंतरा म्हटला. गंधार लागला. पूर्वीसारखा चकचकीत नाही, जरा जाड. पण लागला, आणि त्याला मध्यमाचा स्पर्शही झाला.

"अब ठीक है," डफलीवाले म्हणाले. एवढंच.

ह्यानंतर मामाला यंत्रात रस उत्पन्न झाला. "ह्यात तंबोरा आहे का?" मी म्हटलं, नाही, पण करता येईल. लूपचं बटण दाबून मी मोकळ्या तारा संथ छेडल्या आणि परत दाबलं. तुकडा फिरू लागला. लूपची एक खोच आहे. शेवटचं बटण बरोबर समेवर पडावं लागतं. आठ मात्रांचं आवर्तन असेल तर नवव्या मात्रेला, म्हणजे पुढच्या समेलाच पाय. जरा उशीर झाला की ती लंगडी मात्रा प्रत्येक फेरीत येते आणि तुम्हाला वेड लावते. पहिल्या दोन वेळा माझी लंगडलीच. मामा हाताने टाळी देत राहिला आणि तिसऱ्यांदा जमलं. तालाचा असा कडक मास्तर मला आजवर मिळाला नव्हता. मी डब्याबद्दल म्हणतेय.

मग मामाने माइक हातात घेतला. अडुसष्टाव्या वर्षी, मफलर न सोडता. मध्यमावर थांबून भीमपलासाचे चारदोन आलाप. तीन वाजून गेले होते, रागाची वेळही तीच. बाहेर हॉर्न वाजत होते. मी दुसऱ्या थरावर त्याचा तो आलाप टिपून घेतला आणि डबा तो फिरवत राहिला. स्वतःचा आवाज परत ऐकून मामा चक्क लाजला. "ग्वाल्हेरात हे जुनंच आहे," तो सावरत म्हणाला. हद्दू खाँ-हस्सू खाँ दरबारात पडद्याआड बसून बडे मुहम्मद खाँचं गाणं दिवसेंदिवस ऐकत राहिले आणि तसंच्या तसं उचललं, ही आख्यायिका त्याने दुकानदाराला पुन्हा एकदा ऐकवली. "वो भी लूप ही था," असं वर. दुकानदाराने ती आधीही ऐकलेली असणार, पण त्याने मान डोलावली.

डबा मी घेतला. तुमच्यापैकी कोणी घेणार असेल तर माझा अनुभव एवढाच: हार्मनी, रिव्हर्ब आणि सूरसुधार ह्यांची बटणं वेगवेगळी आणि पायाने बंद करता येणारी असावीत. एकात एक अडकवलेली असली तर मींडेचं गाणं गाता येणार नाही. माइकची मोठी तीन टोकांची पिन बसते का बघा. कंडेन्सर माइक वापरणार असाल तर ४८ व्होल्टची सोय आहे का तेही. अडॅप्टर यंत्राबरोबरचाच घ्या, दुसरा कुठला टोचून बघू नका. आणि दुकानात जाताना स्वतःची गिटार, स्वतःचं अर्धवट झालेलं गाणं घेऊन जा. पाठ असलेलं गाणं सगळ्याच यंत्रांवर बरं वाजतं.

किमतीची घासाघीस मामाने केली. दोघांनीही एकमेकांना पंडितजी आणि सेठजी म्हणत वीस मिनिटं काढली, शेवटी मला वाटलं होतं त्याहून थोडं कमी झालं आणि दोघेही नाराज दिसले, म्हणजे सौदा योग्य झाला असावा. निघताना दुकानातल्या मुलाने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि सूरसुधाराचं बटण शून्यावर आणून त्यावर लावला. "दीदी, स्टेज पे पैर लग जाता है."

दुसऱ्या दिवशी आम्ही हजिऱ्याला गेलो, मुहम्मद घौसच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनची समाधी आहे तिथे. तानसेन समारोह डिसेंबरातच असतो, १९२४ पासूनचा. समाधीजवळच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा सुधारतो असं मानतात, आणि लांबलांबचे गवई ती खाऊन गेलेले आहेत. मी खाल्ली. आंबट असतात. गाठींच्या डॉक्टरांना हे सांगणार नाही.

मग कर्नाटक एक्सप्रेस, दोन रात्री, डबा मांडीवर. बंगळुरूला पोचल्यावर आधी तोच जोडला. दिवा लागला, गिटार वाजली, घुमारा आला. लूपचं बटण दाबलं तर काहीच नाही. पुष्कळ यंत्रांत लूप वेगळा साठवावा लागतो, नाहीतर वीज गेली की पुसला जातो. मला ते दुकानात लक्षातच आलं नाही. मुलाने तार काढली त्याच क्षणी मामाचा आलाप गेला होता.

मी मामाला फोन केला. "मामा, तुमचा भीमपलास गेला. परत गाल का? मी इथे टिपून घेते."

"फोनवर?" तो म्हणाला. मागे मामी कुकरची शिट्टी मोजत होती. "आत्ता किती वाजलेत? नऊ. ही काय भीमपलासाची वेळ? उद्या दुपारी कर. आणि केपो कुठे आहे?"

"तीनवर."

"हां. मग आधी तू सा लाव."